विस्कॉन्सिन बॅजर्स अमेरिकन फुटबॉल संघाचे सांख्यिकी विक्रम

विस्कॉन्सिन बॅजर्स हा अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ आहे. हा संघ बिग टेन परिषदेत खेळतो आणि त्याचे घरचे सामने कॅम्प रँडल मैदानावर होतात. चेंडू हातात घेऊन धावणाऱ्या खेळाडूंसाठी, म्हणजे रनिंग बॅकसाठी, हा संघ विशेष ओळखला जातो. महाविद्यालयीन फुटबॉलमधील धावण्याचे अनेक राष्ट्रीय विक्रम वेगवेगळ्या काळी याच संघाच्या खेळाडूंच्या नावावर होते. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध विक्रम रॉन डेन याचा असून त्याचा आकडा दोन प्रकारे दिला जातो : राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या (एनसीएए) नोंदीनुसार ६,३९७ यार्ड आणि विद्यापीठाच्या नोंदीनुसार ७,१२५ यार्ड. दोन्ही आकडे अचूक आहेत. कोणते सामने हिशेबात धरायचे, एवढाच त्यांच्यातील फरक आहे. या संघाचे बहुतेक मोठे विक्रम वाचताना हा प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो.

मोजणीची पद्धत

अमेरिकन फुटबॉलचे मैदान दोन्ही टोकांचे टचडाउन क्षेत्र वगळता १०० यार्ड लांब असते. एक यार्ड म्हणजे सुमारे ०.९१ मीटर. खेळाडूने चेंडू घेऊन जितके अंतर पुढे नेले तितके यार्ड त्याच्या नावावर जमा होतात आणि मागे ढकलला गेल्यास वजा होतात. क्वार्टरबॅक हा मुख्यतः चेंडू फेकणारा खेळाडू. त्याचे फेकीचे यार्ड आणि झेल घेणाऱ्या खेळाडूचे यार्ड स्वतंत्रपणे मोजले जातात. प्रतिपक्षाच्या टचडाउन क्षेत्रात चेंडू नेल्यास टचडाउन होतो व त्याचे ६ गुण मिळतात.

एनसीएएने राष्ट्रीय पातळीवर अधिकृत आकडेवारी ठेवण्यास १९३७ साली सुरुवात केली. महाविद्यालयीन संघांचा नियमित हंगाम शरद ऋतूत खेळला जातो. त्यानंतर डिसेंबर-जानेवारीत निवडक संघांना ‘बोल’ सामन्यांचे निमंत्रण मिळते. कॅलिफोर्नियातील पासाडेना येथे होणारा रोझ बोल हा त्यांतील सर्वांत जुना व मानाचा सामना आहे. बोल सामने हे हंगामानंतरचे प्रदर्शनीय सामने आहेत, असे एनसीएएने दीर्घकाळ मानले व त्यांतील वैयक्तिक कामगिरी खेळाडूच्या अधिकृत आकड्यांत मिळवली नाही. २००२ च्या हंगामापासून हा नियम बदलला आणि बोल सामन्यांतील कामगिरी जमेस धरली जाऊ लागली. मात्र हा बदल मागील काळास लागू करण्यात आला नाही. २००१ पर्यंतचे आकडे जसेच्या तसे राहिले. परिणामी एकाच विक्रमयादीत दोन वेगळ्या मापांनी मोजलेले खेळाडू शेजारी शेजारी उभे आहेत. क्रिकेटच्या अभ्यासकांना डब्ल्यू. जी. ग्रेस यांची प्रथम श्रेणीतील शतके १२६ की १२४, हा वाद परिचित असेल. तेथेही भांडण धावांचे नसून कोणता सामना प्रथम श्रेणीचा मानावा याचे आहे.

हंगामाची लांबी हा दुसरा घटक. १९५० च्या दशकात विस्कॉन्सिनचा नियमित हंगाम ९ सामन्यांचा असे. १९७० पासून ११ सामने सर्वसाधारण झाले आणि २००६ पासून १२. बिग टेन परिषदेने २०११ मध्ये विजेतेपदाचा स्वतंत्र सामना सुरू केला. त्यामुळे यशस्वी संघाच्या खेळाडूला बोल सामन्यासह एका हंगामात १४ सामने मिळू लागले.

ॲलन अमीची

राष्ट्रीय विक्रमयादीत पोहोचलेला या विद्यापीठाचा पहिला मोठा धावपटू ॲलन अमीची होय. ‘लोखंडी घोडा’ या अर्थाच्या टोपणनावाने तो ओळखला जाई. १९५१ ते १९५४ या चार हंगामांत त्याने ३,२१२ यार्ड मिळवले. तो त्या वेळचा राष्ट्रीय विक्रम होता. १९५४ चा हाइझमन करंडकही त्याला मिळाला. हा करंडक वर्षातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूस दिला जातो.

१ जानेवारी १९५३ रोजीच्या रोझ बोल सामन्यात विस्कॉन्सिनला सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून ०–७ अशी हार पत्करावी लागली. अमीचीने त्यात १३३ यार्ड मिळवले होते. ते राष्ट्रीय आकड्यात नाहीत, परंतु विद्यापीठ ते जमेस धरते आणि म्हणून तेथे त्याची बेरीज ३,३४५ अशी दिसते. दोन आकड्यांची ही परंपरा डेनच्या चार दशके आधीपासूनची आहे. फरक एवढाच, की अमीचीच्या बाबतीत त्यावरून कोणाचे स्थान बदलत नव्हते.

१९७० च्या दशकात बिली मॅरेकने ३,७०९ यार्डांसह विद्यापीठाचा विक्रम आपल्याकडे घेतला. १९७४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाविरुद्ध त्याने एका सामन्यात ३०४ यार्ड मिळवले. तो तसा लहान चणीचा खेळाडू होता. विस्कॉन्सिनचा धावपटू म्हणजे धिप्पाड, ही समजूत पुढच्या काळात डेनमुळे रूढ झाली.

रॉन डेन

१९८० च्या दशकाच्या अखेरीस संघाची अवस्था बिकट होती. संघाचा जुना खेळाडू पॅट रिक्टर विद्यापीठाचा क्रीडा संचालक झाला व त्याने बॅरी अल्व्हारेझ यांची मुख्य प्रशिक्षकपदी नियुक्ती केली. अल्व्हारेझ यांच्या पहिल्या हंगामात, १९९० मध्ये, संघाने ११ पैकी एकच सामना जिंकला. भक्कम आक्रमक फळी उभी करायची आणि तिच्यामागून चेंडू घेऊन धावायचे, ही त्यांची पद्धत होती. १९९३ च्या हंगामात संघ रोझ बोलपर्यंत पोहोचला आणि तो सामना जिंकला. त्या हंगामात ब्रेंट मॉसने १,६०० हून अधिक यार्ड मिळवले. डेन हा या पद्धतीचा सर्वांत परिपूर्ण आविष्कार ठरला.

डेन १९९६ साली संघात आला. नियमित हंगामांतील त्याची कामगिरी अशी : १९९६ मध्ये १,८६३, १९९७ मध्ये १,४२१, १९९८ मध्ये १,२७९ आणि १९९९ मध्ये १,८३४ यार्ड. १९९६ चा आकडा प्रथम वर्षाच्या खेळाडूचा तत्कालीन राष्ट्रीय विक्रम होता. त्याच वर्षी हवाई विद्यापीठाविरुद्ध त्याने एका सामन्यात ३३९ यार्ड मिळवले आणि मॅरेकचा एका सामन्याचा विद्यापीठ विक्रम मागे टाकला.

राष्ट्रीय विक्रम त्या काळी झपाट्याने बदलत होता. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या टोनी डॉर्सेटचे ६,०८२ यार्ड १९७६ पासून अबाधित होते. १९९८ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या रिकी विल्यम्सने ते ओलांडून ६,२७९ पर्यंत मजल मारली. पुढच्याच वर्षी, १३ नोव्हेंबर १९९९ रोजी, डेन आपल्या अखेरच्या नियमित सामन्यात आयोवा विद्यापीठाविरुद्ध कॅम्प रँडलवर उतरला. तेव्हा विक्रमासाठी त्याला ९९ यार्ड हवे होते. त्याने २१६ मिळवले. विस्कॉन्सिनने सामना ४१–३ असा जिंकला आणि प्रेक्षकांनी त्याच्या ३३ या क्रमांकाचे पांढरे रुमाल फडकावले. त्या वर्षीचा हाइझमन करंडक त्याला मिळाला.

या सर्व बेरजेत त्याचे चार बोल सामने नाहीत. ते पुढीलप्रमाणे : १९९६ च्या कॉपर बोलमध्ये युटा विद्यापीठाविरुद्ध २४६ यार्ड, जानेवारी १९९८ च्या आउटबॅक बोलमध्ये जॉर्जिया विद्यापीठाविरुद्ध ३६, जानेवारी १९९९ च्या रोझ बोलमध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाविरुद्ध २४६ आणि जानेवारी २००० च्या रोझ बोलमध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाविरुद्ध २००. एकूण ७२८. दोन्ही रोझ बोल सामन्यांत तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणजे त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठ्या व्यासपीठावरची कामगिरी तेवढी अधिकृत आकड्यात नाही. डेन खेळत असताना याने काही बिघडले नाही, कारण विल्यम्स आणि डॉर्सेट यांचेही बोल सामने वगळलेलेच होते. तिघांना एकच माप लागू होते.

२०१६ चा बदल

अडचण पुढे १७ वर्षांनी उद्भवली. सॅन डिएगो राज्य विद्यापीठाचा डॉनेल पम्फ्री २०१३ ते २०१६ या काळात खेळला व त्याचे सर्व बोल सामने नव्या नियमाप्रमाणे मोजले गेले. १७ डिसेंबर २०१६ रोजी लास वेगास बोलमध्ये ह्यूस्टन विद्यापीठाविरुद्ध ११५ यार्ड मिळवून त्याने कारकिर्दीची बेरीज ६,४०५ केली. डेनच्या ६,३९७ पेक्षा ती ८ यार्डांनी अधिक होती आणि एनसीएएच्या विक्रमयादीत पम्फ्रीचे नाव पहिल्या स्थानी आले.

या निर्णयावर विस्कॉन्सिनच्या समर्थकांनी तीव्र नाराजी व्यक्त केली, आणि केवळ आकड्यांकडे पाहिले तरी तिला आधार आहे. ज्या सामन्यात विक्रम मोडला तो स्वतः एक बोल सामना होता. १९९९ च्या नियमांनुसार त्या दिवशी पम्फ्रीच्या खात्यात एकही यार्ड जमा झाला नसता, आणि २०१६ चे नियम डेनला लावले असते तर पम्फ्री ७२० यार्डांनी मागे राहिला असता. सरासरीही बोलकी आहे. डेनने ६,३९७ यार्ड ४३ सामन्यांत मिळवले, म्हणजे सामन्यामागे सुमारे १४९. पम्फ्रीने ५४ सामन्यांत सामन्यामागे सुमारे ११९.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. पम्फ्रीने नियमात कोणतीही पळवाट शोधली नव्हती. त्याने खेळलेल्या प्रत्येक सामन्याचे यार्ड इतरांप्रमाणेच मोजले गेले. शिवाय जुन्या सर्व बोल सामन्यांची आकडेवारी मागाहून जोडायची तर ती एकट्या डेनपुरती जोडता येणार नाही. १९३७ पासूनच्या अनेक याद्या नव्याने लावाव्या लागतील. विस्कॉन्सिन विद्यापीठ आपल्या नोंदींत ७,१२५ हाच आकडा देते.

जोनाथन टेलर

नियमबदलाचा फायदा विस्कॉन्सिनच्याच एका खेळाडूला कसा झाला, हे जोनाथन टेलरच्या उदाहरणावरून दिसते. डेनचा प्रथम वर्षाचा १,८६३ यार्डांचा विक्रम २००४ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाच्या ॲड्रियन पीटरसनने १,९२५ यार्डांसह मोडला होता. २०१७ मध्ये टेलरने १,९७७ यार्ड मिळवून तो पुन्हा मॅडिसनला आणला. त्यात मायामी विद्यापीठाविरुद्धच्या ऑरेंज बोलमधील १३० यार्ड समाविष्ट आहेत. ते वगळल्यास १,८४७ उरतात, म्हणजे डेनपेक्षा १६ कमी. याउलट डेनच्या १९९६ च्या आकड्यात कॉपर बोल मिळवल्यास २,१०९ होतात. एनसीएएच्या यादीत टेलर डेनच्या वर आहे, तर विद्यापीठाच्या यादीत डेन टेलरच्या वर.

टेलरने त्यानंतर २०१८ मध्ये २,१९४ आणि २०१९ मध्ये २,००३ यार्ड मिळवले. तीन हंगामांची बेरीज ६,१७४ झाली. पहिल्या तीन हंगामांत इतके यार्ड त्याआधी कोणीही मिळवले नव्हते. सर्वोत्तम रनिंग बॅकला दिला जाणारा डोक वॉकर पुरस्कार त्याला २०१८ आणि २०१९ असा सलग दोनदा मिळाला. चौथ्या वर्षाची वाट न पाहता तो व्यावसायिक फुटबॉलकडे वळला, त्यामुळे डेन किंवा पम्फ्रीच्या बेरजेपर्यंत तो पोहोचला असता का, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

मेल्विन गॉर्डन

एका सामन्यातील व एका हंगामातील धावण्याचे विद्यापीठ विक्रम मेल्विन गॉर्डनच्या नावावर आहेत. १५ नोव्हेंबर २०१४ रोजी नेब्रास्का विद्यापीठाविरुद्ध कॅम्प रँडलवर त्याने केवळ २५ वेळा चेंडू घेऊन ४०८ यार्ड मिळवले. टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाच्या लाडेनियन टॉमलिन्सनचा १९९९ मधील ४०६ यार्डांचा राष्ट्रीय विक्रम त्याने मोडला. तिसऱ्या सत्राच्या अखेरच्या खेळीत २६ यार्डांची धाव घेऊन त्याने टचडाउन केला आणि त्याच धावेत विक्रम झाला. संघ खूप पुढे असल्याने चौथ्या सत्रात तो मैदानात उतरलाच नाही. सामना विस्कॉन्सिनने ५९–२४ असा जिंकला.

हा विक्रम अवघा एक आठवडा टिकला. २२ नोव्हेंबर रोजी ओक्लाहोमा विद्यापीठाच्या समाजे पेराइनने कॅन्सस विद्यापीठाविरुद्ध ४२७ यार्ड मिळवले. गॉर्डनला चौथे सत्र खेळू दिले असते तर काय झाले असते, ही चर्चा साहजिक आहे. मात्र निकाल लागलेल्या सामन्यात प्रमुख खेळाडूला दुखापतीच्या जोखमीपासून दूर ठेवणे हीच प्रशिक्षकांची सर्वमान्य पद्धत आहे.

गॉर्डनने २०१४ चा हंगाम २,५८७ यार्डांवर संपवला. राष्ट्रीय यादीत त्याच्यापुढे तेव्हा एकच नाव होते : ओक्लाहोमा राज्य विद्यापीठाचा बॅरी सँडर्स, १९८८, २,६२८ यार्ड. सँडर्सचा आकडा ११ सामन्यांचा आहे आणि त्यात हॉलिडे बोलमधील २२२ यार्ड धरलेले नाहीत. गॉर्डनचा आकडा १४ सामन्यांचा असून त्यात आउटबॅक बोलमध्ये ऑबर्न विद्यापीठाविरुद्ध मिळवलेले २५१ यार्ड आहेत. २०२४ मध्ये बॉइझी राज्य विद्यापीठाचा ॲश्टन जेंटी १४ सामन्यांत २,६०१ पर्यंत पोहोचला, पण सँडर्स त्यालाही सापडला नाही. त्याआधी २०१३ मध्ये गॉर्डन (१,६०९) आणि जेम्स व्हाइट (१,४४४) या जोडीने मिळून ३,०५३ यार्ड मिळवले. एकाच संघातील दोन धावपटूंची ही तोवरची सर्वोच्च बेरीज होती.

मॉन्टे बॉल

टचडाउनच्या बाबतीत मॉन्टे बॉल सर्वांच्या पुढे आहे. २०११ मध्ये त्याने एकूण ३९ टचडाउन केले : ३३ धावून आणि ६ झेल घेऊन. एका हंगामातील टचडाउनच्या सँडर्सच्या राष्ट्रीय विक्रमाशी त्याने बरोबरी केली. बरोबरी साधणारा ३९ वा टचडाउन जानेवारी २०१२ च्या रोझ बोलमध्ये ओरेगन विद्यापीठाविरुद्ध झाला, म्हणजे पुन्हा एका बोल सामन्यात. सँडर्सने हॉलिडे बोलमध्ये केलेले ५ टचडाउन धरले असते तर त्याचा आकडा ४४ झाला असता. डेनच्या वेळी विस्कॉन्सिनविरुद्ध गेलेला नियमबदल येथे विस्कॉन्सिनच्या बाजूने गेला. ७,१२५ चा आग्रह धरणाऱ्यांनी ४४ हा आकडाही मान्य करायला हवा, एवढे तर्कसंगतीला धरून म्हणता येते.

बॉल २०१२ मध्ये आणखी एक हंगाम खेळण्यासाठी परतला. २४ नोव्हेंबरला पेन राज्य विद्यापीठाविरुद्ध त्याने कारकिर्दीतील ७९ वा टचडाउन करून ओहायोतील मायामी विद्यापीठाच्या ट्रॅव्हिस प्रेंटिसचा ७८ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढच्या आठवड्यात बिग टेन विजेतेपदाच्या सामन्यात विस्कॉन्सिनने नेब्रास्काचा ७०–३१ असा पराभव केला. त्या एका सामन्यात संघाने धावून ५३९ यार्ड मिळवले : गॉर्डन २१६, बॉल २०२, व्हाइट १०९ आणि उरलेले इतरांचे. बॉलची कारकीर्द ८३ टचडाउनांवर (पैकी ७७ धावून) आणि ५,१४० यार्डांवर संपली. त्याचे ५०० गुण हा विद्यापीठाचा विक्रम आहे. २०१५ मध्ये लुइझियाना टेक विद्यापीठाचा केनेथ डिक्सन (८७) आणि नौदल अकादमीचा क्वार्टरबॅक कीनन रेनॉल्ड्स (८८) यांनी त्याचा एकूण टचडाउनांचा राष्ट्रीय विक्रम मागे टाकला.

फेकीचे व झेलांचे विक्रम

धावण्यावर भर असल्याने फेकीचे आकडे तुलनेने साधारण आहेत. कारकिर्दीतील सर्वाधिक फेकीचे यार्ड डॅरेल बेव्हेलच्या (७,६८६) नावावर असून जोएल स्टेव्ह (७,६३५) केवळ ५१ यार्डांनी मागे राहिला. क्वार्टरबॅक म्हणून सर्वाधिक ३१ विजय मात्र स्टेव्हचे आहेत. एका हंगामाचा विक्रम रसेल विल्सनचा. उत्तर कॅरोलिना राज्य विद्यापीठातून येऊन तो २०११ चा एकच हंगाम येथे खेळला व त्यात त्याने ३,१७५ यार्ड, ३३ टचडाउन आणि फक्त ४ इंटरसेप्शन अशी नोंद केली. त्याचा १९१.८ हा फेक-कार्यक्षमता निर्देशांक तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम होता. पुढे सिॲटल सीहॉक्स या व्यावसायिक संघात विल्सन क्वार्टरबॅक आणि बेव्हेल आक्रमणाचा प्रशिक्षक अशी गाठ पडली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये त्या संघाने सुपर बोल जिंकला.

विद्यापीठाच्या इतिहासातील सर्वांत गाजलेली फेक-कामगिरीही अधिकृत बेरजेबाहेर आहे. १ जानेवारी १९६३ च्या रोझ बोलमध्ये रॉन व्हँडरकेलनने ४८ पैकी ३३ फेकी यशस्वी करून ४०१ यार्ड मिळवले. पॅट रिक्टरने ११ झेल घेतले. चौथ्या सत्रात मोठी पिछाडी भरून काढूनही संघ सदर्न कॅलिफोर्नियाकडून ३७–४२ असा हरला.

झेलांमध्ये ली इव्हान्सचे ३,४६८ यार्ड व २७ टचडाउन हे कारकीर्द-विक्रम आहेत. २००१ मध्ये त्याने १,५४५ यार्ड मिळवले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्याचा २००२ चा संपूर्ण हंगाम वाया गेला. २००३ मध्ये परतल्यावर मिशिगन राज्य विद्यापीठाविरुद्ध त्याने एका सामन्यात २५८ यार्ड व ५ टचडाउन केले. सर्वाधिक २०२ झेल ब्रँडन विल्यम्स आणि जॅरेड ॲब्रेडेरिस या दोघांचे आहेत. ॲब्रेडेरिस शिष्यवृत्तीविना संघात आला होता.

बचावात्मक विक्रम

टॅकलमध्ये पीट मॉन्टी (४५१) पहिला व गॅरी कॅस्पर (४४७) दुसरा आहे. प्रतिपक्षाची फेक मधल्यामध्ये पकडण्याचा, म्हणजे इंटरसेप्शनचा, २१ हा विक्रम जमार फ्लेचर आणि जिम लेनर्ड यांच्यात विभागलेला आहे. फ्लेचरने तो तीन हंगामांत गाठला. लेनर्ड हा टोनी नावाच्या छोट्या गावातून शिष्यवृत्तीविना आलेला खेळाडू होता. २००२ मध्ये त्याने एका हंगामात ११ इंटरसेप्शन केले, आणि २०२२ मध्ये तो याच संघाचा प्रभारी मुख्य प्रशिक्षक झाला.

क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडणे म्हणजे सॅक. टॉम बर्कने १९९८ मध्ये २२ सॅक केले, तर कारकिर्दीतील ३३ सॅकचा विक्रम टॅरेक सालेहचा आहे. एनसीएएने बचावात्मक आकडेवारी अधिकृतपणे ठेवण्यास २००० साली सुरुवात केली. त्यामुळे हे दोन्ही विक्रम विद्यापीठाच्या यादीत अग्रभागी आहेत, पण राष्ट्रीय अधिकृत यादीत त्यांना जागा नाही. आक्रमक फळीच्या खेळाडूंची स्थिती याहून वेगळी आहे. जो थॉमस (२००६) आणि गेब करिमी (२०१०) यांना सर्वोत्तम आंतरिक फळी-खेळाडूचा आउटलँड करंडक मिळाला, परंतु रनिंग बॅकसाठी वाट मोकळी करण्याच्या त्यांच्या कामाला यार्ड, गुण किंवा टचडाउन यांपैकी कोणतेही परिमाण लागू होत नाही आणि विक्रमांच्या यादीत त्यांचा रकाना नाही.